जाफन्याची मिरची, कोलंबोची रांग

1948 साली स्वतंत्र झालेला सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, चहा, रबर आणि नारळ विकून भात खात होता. गरजेच्या निम्म्याहून अधिक तांदूळ बाहेरून यायचा. डाळ, कांदा, सुकी मिरचीही बरीचशी भारतातून. तिथल्या बाजारात मोठ्या कांद्याला आजही ‘बॉम्बे कांदा’ म्हणतात. स्वस्त रेशनला हात लावणं तिथल्या राजकारण्यांना परवडत नसे. 1953 मध्ये तांदळाचा भाव मापामागे 25 सेंटांवरून 70 सेंट झाला, देशभर हरताळ पडला, गोळीबारात माणसं मेली आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पायउतार व्हावं लागलं.

पुढे चहाचे भाव उतरले आणि परकीय चलनाची चणचण भासू लागली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून बटाटा, कांदा, मिरची यांच्या आयातीवर बंधनं आली. 1970 मध्ये सिरिमाओ बंदरनायके यांचं सरकार आलं आणि ती आणखी आवळली गेली.

या बंदीचं सोनं केलं उत्तरेकडच्या जाफन्याने. या द्वीपकल्पात एकही बारमाही नदी नाही. चुनखडीचा खडक, त्यावर तांबड्या मातीचा थर आणि हजारो विहिरी. ताडाच्या लांब ओंडक्याची लाट करायची, एकाने तिच्यावर चढून मागेपुढे चालायचं, दुसऱ्याने वर आलेलं पाणी पाटात ओतायचं, अशी ही शेती पिढ्यान्‌पिढ्या चालली. ताडाची पानं खत म्हणून जमिनीत गाडायची. मग पंप आले. तंबाखूसोबत लहान लाल कांदा आणि मिरचीचे वाफे वाढले, आणि परदेशी माल थांबल्यावर कोलंबोच्या पेट्टा बाजारात जाफन्याच्या मालाला कधी नव्हे तो भाव मिळू लागला. सरकारी नोकरीची दारं ज्यांच्यासाठी बंद होत चालली होती अशी शिकलेली तमिळ मुलं दक्षिणेला वन्नीच्या जंगलपट्टीत, विसुवमडूसारख्या वसाहतींत मिरची लावायला गेली. त्यांतल्या अनेकांच्या हातात प्रथमच स्वतःच्या कमाईचा पैसा खेळला.

त्याच वर्षांत शहरं मात्र हवालदिल होती. 1973 मध्ये तेलाबरोबर जगभर धान्य महागलं. गहू तर बेटावर पिकतच नाही, त्यामुळे पावासाठी पहाटेपासून रांगा लागू लागल्या. दोन मापांपेक्षा जास्त तांदूळ सोबत नेण्याला मनाई होती. ठिकठिकाणी नाकी उभी राहिली, आणि गावाहून घरचा तांदूळ आणणाऱ्यालाही पिशवी उघडून दाखवावी लागे. भाताऐवजी कंद खा, असा प्रचार सुरू होता.

सर्वांत मोठा घाव चहामळ्यांतल्या मजुरांवर पडला. तेही तमिळच, पण वाडवडील भारतातून मळ्यांवर आणलेले. मजुरीवर जगायचं, स्वतःची जमीन नाही. पीठ-तांदळाचं रेशन घटलं तेव्हा त्यांच्यापाशी लावायला वाफाही नव्हता. 1974 मध्ये मळ्यांतला मृत्युदर झपाट्याने वाढला. जाफन्याची भरभराट सांगताना हे मृत्यू विसरणं अन्यायाचं आहे. ज्याच्याकडे जमीन आणि पाणी होतं त्याला बंदीने वर काढलं. ज्याच्याकडे फक्त पोट होतं, त्याने तिची किंमत मोजली.

1977 च्या निवडणुकीत मतदारांनी हिशेब चुकता केला. विरोधी पक्षनेते जयवर्धने यांच्या पक्षाला 168 पैकी 140 जागा मिळाल्या आणि बंदरनायके यांचा पक्ष 8 वर आला. नव्या सरकारने त्याच वर्षाअखेरीस बाजार खुला केला. रांगा सरल्या, पण स्वस्त आयात मालाने मिरची-कांद्याचे भाव पाडले. पंपासाठी, विहिरीसाठी पैसा घातलेल्या जाफन्याच्या शेतकऱ्याला सावरायला एक-दोन हंगामांचीही उसंत मिळाली नाही. दरवाजा हळूहळू उघडता आला असता. उत्तरेतल्या तमिळांचा असंतोष आधीच धुमसत होता, त्यात या नुकसानीची भर पडली.

बंदीचा मोह तरीही सुटला नाही. 2020 च्या सुमारास श्रीलंकेने हळदीची आयात थांबवली. हळद लावणीपासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिने घेते आणि बेणं पुरेसं नसेल तर क्षेत्र एका वर्षात वाढत नाही, हे सांगलीचा कुठलाही हळद उत्पादक सांगू शकेल. बेटावर आधी बेणं वाढवायला हवं होतं. तसं झालं नाही, भाव किलोमागे हजारांत गेला, भेसळ वाढली, आणि रामेश्वरमच्या बाजूने मन्नारच्या आखातातून रात्री येणाऱ्या होड्यांत श्रीलंकेच्या नौदलाला हळदीची पोती सापडू लागली.