विणकर, शिक्षक आणि डीकन : जोशुआ मार्शमन

आज ज्या गृहस्थाचे चरित्र मी आपणांपुढे मांडणार आहे, तो धंद्याने विणकर, वृत्तीने शिक्षक आणि आपल्या बॅप्टिस्ट मंडळीत डीकन होता. डीकन म्हणजे पाद्री नव्हे. मंडळीने आपल्यांतूनच निवडलेला, हिशेब सांभाळणारा आणि गोरगरिबांची विचारपूस करणारा तो सेवक. जोशुआ मार्शमन हे त्याचे नाव. त्याची कर्मभूमी श्रीरामपूर. पण आपल्याकडचे साखर कारखान्याचे श्रीरामपूर नव्हे. हे श्रीरामपूर बंगालमध्ये, कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठी आहे आणि त्या काळी ते डेन्मार्कच्या ताब्यात होते.

विल्यम कॅरीचे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी अक्षरांतील मराठी कोश १८१० साली याच गावच्या छापखान्यात छापला गेला. त्या कामी पंडित वैजनाथ शर्मा यांचे त्याला मोठे साहाय्य झाले. कॅरी, छापखाना चालविणारा विल्यम वॉर्ड आणि शाळा चालविणारा मार्शमन या तिघांची मिळकत एका पेटीत जमा होत असे आणि त्या पेटीवर हा सारा संसार उभा होता. तिघांत मार्शमनचेच नाव आपल्याकडे सर्वांत कमी घेतले जाते.

धर्माचा वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. माझे आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत गेले. या माणसाकडे मी वळलो तो एका प्रश्नापायी : कष्ट करणाऱ्याने आपल्या कमाईतून जे उभारले, त्याचा मालक कोण?

मार्शमनचा जन्म २० एप्रिल १७६८ रोजी इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील वेस्टबरी ली या खेड्यात झाला. बाप पूर्वी आरमारात होता. पुढे मागावर बसला. पोराला शाळा बेताचीच मिळाली, पण वाचनाचे वेड असे की मिळेल ते पुस्तक तो फस्त करी. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याला लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे ठेवले. पुस्तके वाचावयास मिळतील म्हणून गेलेल्या मुलाच्या डोक्यावर पुस्तकांची ओझी आली. त्याच्या मुलाने, जॉन क्लार्क मार्शमनने, १८५९ साली तिघांचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यात एक प्रसंग आहे. जाडजूड ग्रंथांचे गाठोडे पोचवावयास निघालेला हा पोरगा वेस्टमिन्स्टर हॉलपाशी ओझे खाली ठेवून रडला. जन्मभर हमाली करावी लागणार, असे त्याला वाटले. काही महिन्यांनी तो गावी परतला आणि पुन्हा मागावर बसला.

पुढे त्याला गावच्या बॅप्टिस्ट मंडळीत यावयाचे होते. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने जाणतेपणी, आपल्या श्रद्धेची साक्ष देऊन यावे असा त्यांचा नियम. पण तिथल्या डीकनांनी त्याला ताटकळत ठेवले. कारण काय? तर याच्या डोक्यात ज्ञान फार आहे, तेव्हा अंतःकरणात श्रद्धा कितपत असेल, ही शंका! शिकलेल्या कामकऱ्याकडे वरचे लोक संशयाने पाहतात हे आपण जाणतोच. कधीकधी बरोबरीचे लोकही तसेच पाहतात.

१७९१ साली हॅना शेफर्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. १७९४ साली तो ब्रिस्टल शहरी ब्रॉडमीड मंडळीच्या धर्मार्थ शाळेवर शिक्षक झाला आणि तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. दिवसा मुलांना शिकवावे आणि सवड काढून तिथल्या विद्यालयात लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकावे, असा त्याचा पाच वर्षे क्रम चालला.

१३ ऑक्टोबर १७९९ रोजी तो बायकामुलांसह श्रीरामपुरास उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून डॅनिश गव्हर्नराचा आश्रय घ्यावा लागला. बरोबर आलेल्यांपैकी ग्रँट महिन्याच्या आत वारला. १८०० च्या एप्रिलमध्ये तिथे मंडळी स्थापन झाली. कॅरी तिचा पाळक झाला आणि फाउंटन व मार्शमन यांना डीकन निवडले गेले. गावच्या डीकनांनी ज्याला दाराशी थांबविले होते, तोच आता डीकन झाला.

लगेच मे महिन्यात मार्शमन पतिपत्नींनी मुलांसाठी व मुलींसाठी फी घेऊन चालणाऱ्या निवासी शाळा काढल्या. त्यांत युरोपियन व मिश्र वंशाची मुले येत. थोड्याच दिवसांत बंगाली मुलांसाठी मोफत शाळा निघाली. एकीच्या मिळकतीवर दुसरी चाले. सर्व कुटुंबे एका पंक्तीला जेवत आणि कोणाचीही कमाई खाजगी धरली जात नसे. खर्चापुरते घ्यावे, बाकीचे कामात घालावे, हा निर्बंध त्यांनी १८०५ साली लिहून काढला आणि सर्वांनी त्यावर सह्या केल्या.

या एकत्र घराचा भार हॅनाबाईवर होता. मुलींची शाळा, स्वयंपाक, आजारपणे, सर्व तिने पाहिले. कॅरीची पत्नी मनाच्या व्याधीने ग्रासलेली होती, तेव्हा त्याच्या मुलांकडेही हिनेच लक्ष दिले. मार्शमनांना बारा अपत्ये झाली; बापाच्या मागे पाचच उरली. एवढी दुःखे सोसूनही शाळा चालू राहिली.

१८१६ साली मार्शमनने देशी शाळांसंबंधी एक पुस्तिका लिहिली. शिक्षण मातृभाषेत द्यावे; वाचन, लेखन व हिशेबाबरोबर भूगोल आणि सृष्टिज्ञानही शिकवावे; पुस्तके महाग, म्हणून मोठ्या मुलाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी लिहून घ्यावे, अशी त्याची योजना होती. थोड्या काळात आसपासच्या खेड्यांत सुमारे शंभर शाळा उभ्या राहिल्या. १८१८ साली 'समाचार दर्पण' हे बंगाली वृत्तपत्र निघाले आणि त्याच वर्षी श्रीरामपूर कॉलेज ३७ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. तिथे जातीची वा धर्माची अट नव्हती.

त्याचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. शाळांमागे धर्मप्रसाराचा हेतू होताच. १८२० साली राममोहन रॉय यांनी येशूच्या नीतिवचनांचे पुस्तक काढले, तेव्हा मार्शमन त्यांच्यावर तुटून पडला. वाद तीन वर्षे चालला आणि मिशनच्या कलकत्त्यातील छापखान्याने राममोहनांचे शेवटचे उत्तर छापावयास नकार दिला. त्यांना स्वतःचा छापखाना उभारावा लागला. बंगालीत वृत्तपत्र काढणाऱ्यांच्याच पंथाने प्रतिपक्षाला कागद नाकारावा, हे शोभणारे नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १८१५ साली इंग्लंडमधील संस्थेचा जुना चिटणीस अँड्र्यू फुलर वारला. नवी कमिटी म्हणू लागली की श्रीरामपूरची मालमत्ता आमच्या देखरेखीखाली आली पाहिजे. तिघांनी उत्तर दिले : ही घरे आमच्या कष्टाच्या पैशांतून घेतलेली आहेत. त्यांवर आमचा किंवा आमच्या मुलाबाळांचा हक्क आम्ही सांगत नाही, ती कार्यालाच वाहिलेली आहेत. पण कारभार इथे राबणाऱ्यांच्या हाती राहील. यात मधला मार्ग काढणे कठीण होते. नव्याने आलेले तरुण मिशनरी सारा दोष मार्शमनवर टाकीत. तो कावेबाज आहे, घरच्यांचे भले पाहतो, असे बोलले गेले. १८२६ साली तो समेटासाठी विलायतेस गेला. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाकडून कॉलेजला पदव्या देण्याची सनद मिळाली. पण संस्थेशी त्याच वर्षी फारकत झाली.

पुढची वर्षे वाईट गेली. वॉर्ड १८२३ सालीच पटकीने गेला होता. १८३४ साली कॅरीही गेला. कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यांत ठेवींचे पैसे बुडाले. १८३७ च्या डिसेंबरमध्ये मार्शमन वारला. त्याच महिन्यात लंडनमध्ये संस्थेशी समेट झाला, पण तो पाहावयास तिघांपैकी कोणी उरले नव्हते. हॅनाबाई त्यानंतर आणखी नऊ वर्षे जगली.

श्रोतेहो, या भांडणात कमिटीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. लोकांच्या देणग्या घेणाऱ्या संस्थेला हिशेब मागावाच लागतो, आणि ज्याच्या हाती किल्ल्या असतात त्याने तो दिलाच पाहिजे. आमच्या संघटनेतही कार्यकर्त्याला आम्ही हेच सांगतो. परंतु दूर बसून मालकी सांगणे वेगळे आणि हिशेब तपासणे वेगळे. मार्शमनने मालकी स्वतःसाठीही मागितली नाही आणि कमिटीलाही दिली नाही. कष्टाने उभारलेली वस्तू ज्या कामासाठी उभारली, त्या कामाची राहावी आणि ती चालविणाऱ्यांचा तिच्या कारभारात शब्द असावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे आजही प्रत्येक शाळेत, पतपेढीत आणि कारखान्यात तपासून पाहण्यासारखे आहे.

श्रीरामपूरचे ते कॉलेज आजही हुगळीच्या काठी चालू आहे. आपल्या गावातल्या ज्या शाळा पै-पैशाच्या वर्गणीवर आणि शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारावर उभ्या राहिल्या, त्यांचे कागद आपणही एकदा उघडून पाहावेत आणि त्या कोणाच्या घामावर उभ्या राहिल्या त्यांची नावे लिहून ठेवावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.