छात्राध्यापक आणि वर्गातील तंत्रसाधने : ठाणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद या स्थानकांच्या मध्ये, भातसा नदीच्या काठी खडवली हे गाव आहे. एका बाजूस कल्याण-डोंबिवलीची दाट वस्ती आणि दुसऱ्या बाजूस शहापूर तालुक्यातील आदिवासी पाडे, असे त्याचे सीमेवरचे स्थान आहे. या पट्ट्यात सराव पाठासाठी फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या छात्राध्यापकाला थोड्याशा प्रवासाच्या अंतरावर दोन अगदी भिन्न वर्ग भेटतात. एका वर्गातील मुले मोबाइल हाताळत वाढलेली असतात. दुसऱ्या वर्गात एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळत असतो आणि विजेचा भरवसा नसतो.

शैक्षणिक तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा साधनांच्या आगमनाच्या क्रमाने सांगितला जातो : आधी रेडिओ, मग दूरचित्रवाणी, नंतर संगणक. या मांडणीत शिक्षक जवळजवळ दिसतच नाही. साधन वापरण्यास तो कोठे शिकला, कोणाकडून शिकला आणि कोणत्या मुलांसमोर शिकला, या प्रश्नांच्या आधारे हाच इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धूळपाटी ते पाठटिपण

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती आणि ती वापरण्याचे कोणतेही प्रशिक्षण वेगळे दिले जात नव्हते. जो विद्यार्थी म्हणून त्यावर अक्षरे गिरवी, तोच पुढे शिक्षक म्हणून ती गिरवून घेई. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत मराठी शाळांसाठी शिक्षक तयार होऊ लागले आणि शिळाछापावर छापलेली पाठ्यपुस्तके वर्गात आली, तेव्हा ही साखळी प्रथमच तुटली. शिक्षकाने स्वतः ज्या साधनाने शिक्षण घेतले नाही, त्या साधनाने शिकवावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. ही अडचण पुढे प्रत्येक नव्या साधनाबरोबर परत आली.

अध्यापक विद्यालयांनी तिच्यावर शोधलेला उपाय म्हणजे पाठटिपण. उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, शिक्षककृती, विद्यार्थिकृती आणि फलकलेखन असे रकाने आखलेली ही वही डी.एड.च्या अनेक पिढ्यांच्या ओळखीची आहे. तिने शिस्त दिली, हे नाकारता येत नाही. मात्र ‘शैक्षणिक साहित्य’ हा रकाना बहुधा निरीक्षकाकडे पाहून भरला गेला. रात्र जागून रंगवलेला तक्ता पाठ संपताच गुंडाळून कपाटावर जाई. साहित्य असले की गुण मिळत. त्या साहित्याने वर्गात काय घडले, याची नोंद करण्यास वहीत फारशी जागा नव्हती.

कोसबाडचा प्रयोग

याच काळात ठाणे जिल्ह्यातच एक निराळी वाट तयार होत होती. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) माँटेसरी पद्धतीची मूळ साधने महाग होती आणि वारली मुलांच्या जगाशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणून बिया, खडे, शिंपले, पाने, काड्या आणि माती यांतून साहित्य घडविले गेले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली.

तंत्रज्ञान या शब्दाचा अर्थ यंत्र एवढाच घेतला, तर कोसबाडचा येथे काही संबंध उरत नाही. पण साधन, ते हाताळण्याची रीत आणि त्यामागील हेतू या तिन्हींचा मेळ म्हणजे तंत्रज्ञान, असे मानले तर प्रशिक्षणाचा इतका सुसंगत नमुना परिसरात दुसरा सापडणे कठीण आहे. येथे शिकू पाहणाऱ्या शिक्षिकेला साहित्य तयार मिळत नसे. आजूबाजूच्या रानातून ते गोळा करावे लागे, मुलांपुढे ठेवावे लागे आणि मुलांनी बाजूला सारले तर बदलावे लागे. शिक्षिकेचे आणि मुलांचे शिकणे एकाच जागी, एकाच वेळी चाले.

स्वतंत्र शाखेतील तंत्रज्ञान

१९८० च्या दशकात चित्र पालटले. इन्सॅट उपग्रहाच्या आधारे शालेय दूरचित्रवाणीचा विस्तार झाला आणि पुण्यात १९८४ मध्ये राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच ‘बालचित्रवाणी’, स्थापन झाली. तिच्या कार्यक्रमांनी एका पिढीला आनंद दिला. मात्र प्रक्षेपणाची वेळ ठरलेली. वर्गातील घटक कोठे आला आहे, याचा तिच्याशी मेळ बसेलच असे नाही. कार्यक्रमापूर्वी काय सांगावे, नंतर काय विचारावे, हे न शिकलेल्या शिक्षकाच्या वाट्याला संच सुरू करणे आणि बंद करणे एवढेच काम उरले. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, १९८६ नुसार जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) निर्माण झाल्या. ठाणे जिल्ह्याची संस्था बदलापूरजवळ राहटोली येथे आहे. डाएटच्या मूळ आराखड्यात सात शाखा होत्या. सेवापूर्व प्रशिक्षण ही त्यांतील एक आणि शैक्षणिक तंत्रज्ञान ही दुसरी. ही रचना प्रशासनाच्या सोयीची होती, पण तिच्यातून एक नकळत संदेश गेला : अध्यापन शिकणे ही एक गोष्ट आणि तंत्रज्ञान शिकणे ही वेगळी. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने हा संदेश अधिक पक्का केला. शासकीय सेवेतील कर्मचाऱ्यांप्रमाणेच शिक्षकांनाही संगणक अर्हतेची अट लागू झाली. पत्र टंकलिखित करणे, तक्ता भरणे, सादरीकरण तयार करणे हे शिक्षक शिकले. तिसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवताना त्यातील काय उपयोगी पडेल, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारला नाही.

खैराट आणि पष्टेपाडा

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथे २००७ मध्ये झालेला प्रयोग या दृष्टीने अभ्यासनीय आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला पथदर्शी प्रकल्प या एकशिक्षकी शाळेत झाला. मुलांची संख्या वीस-बावीस. उपक्रमाची भिस्त मूल स्वतः यंत्राशी खेळत शिकते या विचारावर होती. शिक्षक त्यात दुय्यम होता. प्रत्यक्षात सुरुवातीचे काही आठवडे प्रशिक्षकाला वर्गात शिक्षकासोबत थांबावे लागले. चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला ते यंत्र आपल्या दिवसाच्या वेळापत्रकात बसवायचे होते आणि ते काम कोणतेही यंत्र त्याच्यासाठी करू शकत नव्हते. प्रशिक्षण म्हणून जे काही झाले, ते त्याच वर्गात आणि मुलांच्या देखत झाले. कोसबाडशी असलेले हे साम्य उपक्रमाच्या आखणीत नव्हते. परिस्थितीने ते घडविले.

पुढच्या दशकात शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने लोकसहभागातून डिजिटल शाळा उभी केली. ती पाहण्यासाठी राज्यभरातील शिक्षक येऊ लागले. शिक्षकाने शिक्षकाच्या वर्गात बसून शिकावे, हे येथे घडले आणि पष्टेपाड्याचे खरे महत्त्व टॅब्लेटपेक्षा त्यातच मानावे लागते. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. मात्र अनुकरण झाले ते बहुतांशी साहित्याचे. प्रोजेक्टर आले, थकलेल्या वीजबिलांमुळे अनेक शाळांतील पडदे काळेही राहिले.

छात्राध्यापकाची स्थिती याहून बिकट होती. २००० नंतरच्या दशकात अध्यापक विद्यालयांची संख्या भरमसाट वाढली, नंतर भरती रोडावली. १५ डिसेंबर २०१३ रोजी राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली, तेव्हा हजारो पदविकाधारक वर्गाबाहेर होते. त्यांनी शिकलेले तंत्र वापरण्यास वर्गच मिळाला नाही. ज्यांना काही वर्षांनी मिळाला, त्यांच्यासमोर तोवर दीक्षा मंच (२०१७) आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड अशी वेगळीच साधने होती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आंतरवासितेसाठी वर्गच उरला नाही. त्या वर्षी जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, दूरस्थ तासिकाही भरल्या. पण ज्या पाड्यांवर ना संच पोहोचत होता ना मोबाइलची रेंज, तेथे अनेक शिक्षकांनी पाठ्यपुस्तके, चित्रे आणि खडूचा डबा घेऊन ओसरीवर, अंगणात, झाडाखाली पाच-सात मुलांचे गट बसविले.