सहा रेषा, तीन बिंदू

जुनी कंपासपेटी सापडली तर उत्तम, नाहीतर पाठकोऱ्या कागदावर हातानेच एक त्रिकोण काढा. त्याच्या तीन मध्यगा काढा. रेषा झाल्या सहा. शिरोबिंदूंपाशी तीन-तीन रेषा भेटतात, मध्यगांच्या संपातबिंदूपाशीही तीन. फक्त दोनच रेषा भेटतात असे 'साधे' छेदनबिंदू उरतात ते बाजूंच्या मध्यांवर, तीनच. ही आकृती आपण भूमितीच्या तासाला कितीदा काढली, पण हे बिंदू कधी मोजले नाहीत. परीक्षेत येत नव्हते ना!

सगळ्या रेषा एकाच बिंदूतून जात नसतील, तर साधा छेदनबिंदू असतोच का? समांतर रेषा अनंतात भेटतात असे धरायचे. बिंदू आणि रेषा यांची अदलाबदल करून हाच प्रश्न सिल्व्हेस्टर यांनी १८९३ साली लंडनच्या 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये विचारला. हे तेच सिल्व्हेस्टर, जे १८३७ साली केंब्रिजच्या परीक्षेत दुसरे आले, पण ज्यू असल्याने चर्चच्या धर्मकलमांवर सही करू शकले नाहीत आणि पदवीला मुकले.

चाळीस वर्षे प्रश्न तसाच पडून राहिला. १९३३ साली बुडापेस्टचे तरुण एर्डॉश स्वतंत्रपणे तिथेच पोचले. त्यांचे मित्र गालाई यांनी तो सोडवला, पण छापला नाही. दोघेही ज्यू. पुढे अमेरिकेत गेलेल्या एर्डॉश यांनी १९४३ मध्ये तो एका गणित मासिकात विचारला आणि १९४४ मध्ये उत्तर छापून आले.

खरे तर उत्तर आधीच छापलेले होते! जर्मनीत मेल्खिओर यांनी रेषांनी पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याला किमान तीन बाजू असतात एवढ्यावरून, ऑयलरच्या सूत्राने, किमान तीन साधे बिंदू असतातच हे १९४० च्या सुमारास दाखवले. आपला त्रिकोण नेमका त्या सीमेवर बसतो. सिद्धता मला फार देखणी वाटते. पण ती आली 'डॉइचे माथेमाटिक'मध्ये. गणितातून ज्यूंचा प्रभाव काढून 'जर्मन गणित' उभारायला १९३६ साली सुरू झालेले हे नियतकालिक. एका ज्यू गणितज्ञाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे छापले गेले, आणि दुसरा ज्यू गणितज्ञ समुद्रापलीकडे तोच प्रश्न नव्याने विचारत होता.

तीनवर गोष्ट थांबत नाही. रेषा वाढल्या की साधे बिंदूही वाढतात. रेषांच्या संख्येच्या निम्मे तरी असावेत असा अंदाज आहे. ७ रेषांत ३ आणि १३ रेषांत ६, एवढेच अपवाद माहीत आहेत. ग्रीन आणि ताओ यांनी २०१३ मध्ये फार मोठ्या संख्यांसाठी तो सिद्ध केला. मधल्या संख्यांचे काम अजून बाकी आहे.