किर्दीतून एक्सेलकडे : आपल्या हिशेबाची २५ वर्षं

आपली सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा सगळा हिशेब किर्द-खतावणीत होता. २४ फ्लॅट, खतावणीची २४ पानं. आपले पहिले खजिनदार महिनाअखेरीस प्रत्येक बेरीज दोनदा करायचे, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. रत्नागिरीच्या पावसात लाईट गेली तरी त्यांचं काम अडत नसे. पावकी-निमकी पाठ असलेली ती पिढी. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तोवर त्यांनी आणे-पैचीच गणितं सोडवली होती.

तिकडे अमेरिकेत १९७९ मध्येच डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिजिकॅल्क' बाजारात आणलं होतं. कल्पना साधी होती: तक्त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप बदलावेत. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं आणि १९८५ मध्ये एक्सेल. आपल्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तो बऱ्याच वर्षांनी, आणि दोन रात्रींचं बिलांचं काम तासाभरावर आलं.

पण एक्सेल बेरीज करतं, न्याय करत नाही. तळमजल्यावरच्या सभासदांनी विचारलं होतं, "आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग पैसे का द्यायचे?" आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च वापर असो-नसो सर्वांना समान, सेवाशुल्कही समान, पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर. म्हणजे एका रकान्यात २४ ने भागायचं, दुसऱ्यात नळांनी गुणायचं. फॉर्म्युला लिहायला अर्धा मिनिट पुरतो, तो का लिहायचा यावर सभा दोन तास चालली. ते दोन तास वाया गेले असं मला वाटत नाही.

आता मर्यादा पाहू. १०,००० रुपये २४ घरांत वाटले तर प्रत्येकी ४१६.६६६… येतात. पडद्यावर ४१६.६७ दिसतं, आत मात्र पूर्ण अपूर्णांक असतो. म्हणून खालची बेरीज बरोबर १०,००० दाखवते आणि छापलेली बिलं हाताने मिळवली तर १०,०००.०८ होतात. ऑडिटर हे ८ पैसे विचारतोच. 'राउंड' फंक्शन लावलं की शीट आणि बिलं जुळतात, पण ते जादा पैसे कुठे जमा करायचे हे आपणच ठरवायचं.

थकबाकीचं व्याज त्याहून नाजूक. उपविधींत कमाल मर्यादा द.सा.द.शे. २१, तीही सरळव्याजाने. १,००० रुपयांवर वर्षाला २१० होतात. पण फॉर्म्युल्यात दरमहा मागच्या व्याजासकट बाकी धरली, तर तेच २३१.४४ होतात. एक्सेल तक्रार करत नाही. भरतो तो सभासद.

आणखी एक. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं, सोळाव्याचं शून्य करतं. त्यामुळे बँकेचे लांब खातेनंबर 'टेक्स्ट' म्हणूनच लिहावेत. जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींचीच जागा असते. २०२० मध्ये याच कारणाने इंग्लंडमध्ये कोरोनाच्या सुमारे १६,००० रुग्णांच्या नोंदी मोजणीतून सुटल्या होत्या. आपली २५ वर्षांची सगळी बिलं मिळून ७,२०० होतात, तेव्हा ती भीती आपल्याला नाही. आपल्याला भीती आहे ती शेवटी घातलेली एखादी ओळ बेरजेच्या बाहेर राहण्याची.

खतावणीत चूक दिसायची, कारण आकडेमोड कागदावर असे. आता ती रकान्याच्या मागे लपते. म्हणून सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. यापुढे दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसोबत बिलाचा प्रत्येक फॉर्म्युला साध्या मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावूया. काय कशाने गुणलं, कशाने भागलं आणि कोणत्या ठरावाने, एवढंच. एक पान पुरेल. आणि प्रत्येक घरातल्या एकाने तरी आपलं एक बिल हाताने करून पाहावं. खजिनदार कुणीही असो, त्याच्यावरचा विश्वास त्याने वाढेलच.