येनाची उंची

भंडारा जिल्ह्यातील पवनीचे नाव निघाले की १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्रकट झालेल्या स्तूपाचे स्मरण होते; परंतु पवनीपासून आंधळगावापर्यंतच्या मागांवर ज्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, धाग्याची करवती काठाची लुगडी विणली गेली, त्याचा इतिहास दगडावर नव्हे, रानातल्या येनाच्या झाडावर लिहिलेला आहे.

येन, म्हणजे पश्चिमेकडचा ऐन, स्वभावतः शंभर फुटांपर्यंत जाणारा वृक्ष. कोशाचा किडा मात्र उघड्यावर, झाडाच्याच पाल्यावर वाढतो. कावळ्यांपासून, मुंग्यांपासून त्याची राखण करावी लागते, एका झाडाचा पाला संपताच त्याला फांदीसकट दुसऱ्यावर न्यावे लागते, आणि डहाळीभोवती कठीण कडे घालून त्याने टांगलेला कोष उतरवावा लागतो. म्हणून कडक सोवळे पाळून रानात राहून हे किडे पाळणाऱ्या ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या छाटणी करून येन हाताच्या टप्प्यात ठेवला.

हे खुजेपण रक्तातले नव्हे. १९०४ मध्ये कॅनडातील लॅगनजवळ सापडलेला ठेंगू स्प्रूस वृक्ष निसर्गाच्याच एका लहरीने ठेंगू झाला, आणि तरीही त्याच्या कलमांवर मूळ वाणाची जोमदार फांदी मधूनच फुटते. ती माळ्याने वेळीच काढली नाही, तर ठेंगूपणाचा मागमूस उरत नाही. येनाला तर कोयता थांबणे एवढेच पुरे असते.

तो थांबण्यास कारणे झाली. १८७८ च्या कायद्यान्वये रान राखीव झाले, पाल्याला परवाना लागू लागला. १९५१ मध्ये मालगुजारांची जंगलेही सरकारजमा झाली. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या हद्दीत आज फांदी तोडणेच निषिद्ध आहे. रानाला या संरक्षणाची गरज होती, हे मी मनापासून मानतो. पण छाटणी हाही त्या रानाचा एक जुना वहिवाटीचा हक्क होता, हे दप्तरात कोणी लिहिले नाही.

सोडलेला येन ओळखता येतो. छातीच्या उंचीवर खोडाला मुठीसारखी गाठ, तिच्याखाली मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, आणि वर एकाच गाठीतून निघालेली चार-पाच सरळ, कोवळ्या सालीची खोडे. भंडाऱ्याच्या टसर संशोधन केंद्राच्या प्रयत्नांनी लागवडीतले येन-अर्जुन पुन्हा छाटले जातात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि वनखात्याच्या पुढील कार्ययोजनेत या गाठीच्या झाडांची, लाकडाच्या हिशेबाहून निराळी, गावनिहाय नोंद झाली पाहिजे, आणि ती करताना सोबत एखादा वृद्ध ढिवर असला पाहिजे.