पाठ टेकली म्हणजे हरलं का?

पालकहो, मुलाला जिउ-जित्सूच्या क्लासला घातलंय? मग हे दृश्य ओळखीचं असेल: आपलं पोर खाली, दुसरं वर, आणि आपण कडेला बसून "अरे ऊठ, ऊठ!" आपल्या डोक्यात कुस्तीचा नियम पक्का आहे ना: पाठ टेकली की चितपट. इथे मात्र डाव तिथूनच सुरू होतो.

जपानी जुडोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ. खाली राहून लढायची जुडोतली विद्या या घराण्याने वाढवली. त्यातला पाया म्हणजे क्लोज्ड गार्ड: खालच्याने वरच्याच्या कमरेभोवती पाय घालून घोटे त्याच्या पाठीमागे अडकवायचे, आणि त्याला जवळ ओढून ठेवायचं. वरच्याचा बचाव? पाठ ताठ, कोपरं आत, मग उभं राहून पायांची ती कडी सोडवायची.

डिसेंबर १९९४, अमेरिकेतलं टल्सा. यूएफसी ४ च्या अंतिम लढतीत एलिओचा मुलगा रॉइस आपल्याहून कितीतरी वजनदार डॅन सेव्हर्नच्या खाली बराच वेळ दबून होता. घाई केली नाही. संधी मिळताच त्याची मान आणि एक हात पायांच्या त्रिकोणात आवळला. सेव्हर्नने हार मानली.

तेव्हा पुढच्या वेळी "ऊठ" ओरडू नका. घरी येताना एवढंच विचारा, "खाली होतास तेव्हा काय काय केलंस?"