स्पीकर भारी, तरी आवाज घुमतो? आधी त्यांची जागा बदलून पाहा

अहिल्यानगरच्या सावेडी किंवा केडगावमधल्या नव्या फ्लॅटचा हॉल डोळ्यांसमोर आणा. खाली गुळगुळीत टाइल्स, वर सिमेंटचा स्लॅब, एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला चिकटलेला सोफा. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले. गाणं लावलं की शब्द अस्पष्ट आणि बेस नुसता गुमगुम. मग लोक आणखी महागडा सेट घेतात आणि तोही त्याच कप्प्यात ठेवतात!

दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो. कडक, सपाट भिंती आवाज परत फेकतात. जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळया आणि खडबडीत मातीच्या भिंती तो थोडाफार विखुरतात. स्लॅबच्या घरात तसं काही नसतं.

बेसची गंमत वेगळीच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोली १२ फूट लांब असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये बरोबर अडकतो. भिंतीला टेकून बसलात तर तो फुगलेला ऐकू येतो, मधोमध बसलात तर जवळपास गायब होतो. चौरस खोलीत दोन्ही बाजूंचा अडकणारा सूर एकच असल्याने त्रास आणखी वाढतो.

मग करायचं काय? समजा खोली १० बाय १२ आहे. दोन्ही स्पीकर १० फुटी भिंतीसमोर, तिच्यापासून अडीच फूट पुढे ठेवा. त्यांच्यात ६ फूट अंतर राहू द्या. तुमचं डोकंही प्रत्येक स्पीकरपासून ६ फुटांवर असावं. म्हणजे तुमच्या पाठीमागे सव्वाचार फूट जागा उरते आणि तुम्ही मधोमधही येत नाही. स्पीकरमधला छोटा गोल, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर हवा. घरात एवढी जागा अडवणं शक्य नसेल, तर सोफा निदान दीड फूट पुढे ओढा. तेवढ्यानेही फरक कळतो.

आता आरसा घ्या. तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्याला आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवायला सांगा. जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून तुमच्याकडे येतो. तिथे जाड गोधडी टांगा किंवा पुस्तकांचं कपाट ठेवा. अंड्यांचे ट्रे चिकटवायचे व्हिडिओ बरेच फिरतात, पण बेसवर त्यांचा उपयोग शून्य.

सबवूफरची जागा शोधायला उलटा खेळ करावा लागतो. तो तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. बेस जिथे एकसारखा वाटेल, तिथे सबवूफर न्या. घरचे हसतील, हसू द्या.

रेकॉर्ड प्लेअर स्पीकरच्या टेबलावर नको, हादरे सुईपर्यंत पोचतात. अँप्लिफायर बंद शोकेसमध्ये ठेवू नका. नगरच्या उन्हाळ्यात तो आधीच तापलेला असतो, वरून हवा खेळायला हातभर मोकळी जागा सोडा.